हा अभ्यासक्रम कोणासाठी नाही

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोन करू नकोस म्हणालीस. दादा सगळं ऐकतो आणि मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतो. म्हणून लिहिते.

संस्थेने माझ्या गळ्यात एक काम घातलंय. ‘घरच्या घरी रुग्णसेवा’ असा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करायचाय. नर्सेससाठी नाही. ज्यांच्या घरी अचानक कोणी अंथरुणाला खिळलंय, अशा साध्या माणसांसाठी. मी आठ आठवड्यांचा मसुदा केला. विभागप्रमुख बाईंनी वाचून परत पाठवला. समासात एकच ओळ होती : ‘हे तुम्हाला कळतंय. घरातल्या माणसाला कळेल का?’

आधी नर्स म्हणून वॉर्डात आयुष्य काढलं, आता तेच शिकवते. यात न कळण्यासारखं काय आहे ते मला कळेना. एका जागी बसवत नाही. उठते, खिडकी उघडते, गार लागतं, बंद करते. परत तोच कागद.

माझ्या माहितीतलं ‘घरातलं माणूस’ म्हणजे तू. मसुदा सोबत पाठवलाय. जिथे अडशील तिथे लिही. भीड ठेवू नकोस. आणि खरं सांगू, यात तुझाही फायदा आहे. दादाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मला दवाखान्यात दोन-चार दिवसच राहता आलं. पुढचं सगळं तू चाचपडत शिकलीस.

पहिल्या पानावर उद्देश लिहिलाय, तो आधी वाच : ‘हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तुम्ही आपल्या माणसाला घरीच, सुरक्षितपणे सांभाळू शकाल.’ या वाक्याला हात लावू नकोस. बाकी काय वाटेल ते बदल.

तुझी नणंद

११ फेब्रुवारी

प्रिय मेट्रनबाई,

तुझ्या दादाने तुला हे नाव ठेवलं ते उगाच नाही. मसुदा वाचताना मी दोनदा ताठ बसले.

ओट्याजवळ स्टुलावर बसून फोनवर टाइप करतेय. एक डोळा आतल्या खोलीवर आहे. चुका होतील, क्रम राहणार नाही.

पहिला आठवडा, ‘परिचय व संकल्पना’. बाई गं! चौघांनी त्याला जिन्यावरून वर आणलं, पलंगावर ठेवलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेले, त्या दिवशी मला परिचय नको होता. संध्याकाळी तो एकटाच उठून संडासाकडे निघाला आणि पडला. पडलेल्या माणसाला उचलायचं कसं आणि उचलायच्या आधी काय बघायचं, हे मला हवं होतं. ते तुझ्याकडे सहाव्या आठवड्यात आहे. तोवर तो जमिनीवरच राहिला असता.

दुसऱ्यात ‘शय्याव्रण’. मला वाटलं झोपेचा काही आजार असेल. बेडसोर म्हण ना. चौथ्यात ‘आहार, तोंडावाटे वा अन्यथा’. अन्यथा म्हणजे कुठून? कानातून?

आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी एक ओळ आहे : ‘काम पूर्ण झाल्यावर पुढच्या पाळीला माहिती देणे.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. कोण गं ही पुढची पाळी? कुठे राहते? तिच्याकडे चावी आहे का? काल त्याची कूस बदलून झाली, अंग पुसून झालं, तेव्हा मी फ्रीजसमोर उभी राहून सगळं सांगितलं. कातडी कशी आहे, जेवण किती टाकलं, मूड कसा आहे. फ्रीजने शांतपणे ऐकून घेतलं. मग परत मीच आत गेले.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. सध्या रजेवर असले तरी यार्डात क्रेन चालवते, म्हणजे मीही उंचावरच काम करते, म्हणा. पण मला वरून खालचं दिसावं लागतं, नाहीतर कोणाच्या तरी डोक्यात कंटेनरची पेटी पडते.

दादाचं म्हणशील तर शब्द सापडत नाहीत, शिव्या मात्र शाबूत आहेत. तुझा मसुदा थोडा वाचून दाखवला, तर अशी एक हासडली की शेजारचे टेलरकाका जिन्यात थांबले. तुला नव्हती. अभ्यासक्रमाला होती.

वहिनी

१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फ्रीजचं वाचून आधी हसले. मग लाज वाटली.

ती ओळ मी आठही ठिकाणी लिहिली आणि एकदाही खटकली नाही. वॉर्डात ती लिहिल्याशिवाय घरी जाता येत नाही. बाहेर ताजं कोणीतरी उभं असतं, नुकतीच अंघोळ केलेलं. त्याला सांगायचं आणि चप्पल घालायची. काम असंच संपतं, हे माझ्या हातात इतकं बसलंय की काम न संपणाऱ्या घराचा विचारच मनाला शिवला नाही.

आता ती ओळ सगळीकडून काढून टाकली. पान स्वच्छ दिसतं.

पडण्याचा धडा पहिल्या आठवड्यात आणला. परिचय काढला. बेडसोर केलं. ‘अन्यथा’ काढून सरळ ‘नळीने’ लिहिलं. बाईंनी नवीन मसुदा वाचला आणि पहिल्यांदाच मान डोलावली. ‘कोणाला दाखवलात?’ म्हणाल्या. मी म्हटलं, आमची वहिनी.

पण पडण्याचं सोडलं तर पाचव्या आठवड्यापासून पुढे तू काहीच लिहिलं नाहीस. आठवा तर खास तुझ्यासारख्यांसाठीच आहे, ‘सेवा करणाऱ्याचं स्वास्थ्य’. तो वाच.

आणि दादाच्या कमरेजवळ लाली आहे का, बोट दाबून बघ. दाबल्यावर पांढरी पडते की तशीच राहते, ते कळव; तशीच राहिली तर ती बेडसोरची सुरुवात. नुसतं ‘बरं आहे’ लिहू नकोस.

नणंद

२२ फेब्रुवारी

प्रिय मेट्रनबाई,

पांढरी पडते. दोन्ही बाजूंना बघितलं.

ती ओळ काढलीस. बरं.

तिसरा आठवडा, उठवणं-बसवणं. ‘दोन व्यक्तींनी मिळून’ हे खोड, किंवा दुसरी व्यक्ती कुठे मिळते त्याचा पत्ता लिही. मी एकटी उचलते. जड वस्तूचा तोल कुठे आहे ते आधी शोधायचं आणि ती आपल्या अंगालगत आणायची, हे मला यार्डात शिकवलंय. माणूस पेटीपेक्षा कठीण. पेटी अंग चोरत नाही.

पकड सोडवण्याचा भाग मात्र चांगला लिहिलायस. ‘बोटं ओढू नयेत. अंगठ्याकडून सुरुवात करावी, मनगट किंचित आत वळवावं, पकड आपोआप सैल होते.’ तो पलंगाचा कठडा धरून बसला की सोडतच नाही. हे करून बघितलं. होते सैल.

मुकादमाचा फोन आला होता. मार्चच्या सुरुवातीला परवान्याची फेरचाचणी आहे. ती चुकली तर परवाना गेला. मग परत खाली उभं राहून हुक लावण्यापासून सुरुवात. या वयात ते कोणी देणार नाही.

पाचवा ते आठवा मी वाचले आहेत. वेळ नव्हता असं नाही. आठव्यात लिहिलंयस, ‘रोज थोडं चाला, एखादा छंद जोपासा.’ यावर काय लिहू?

उद्देशाच्या वाक्याला हात लावायचा नाही म्हणालीस, लावत नाही. फक्त विचारते, किती दिवस? तुझे विद्यार्थी आठ आठवड्यांनी प्रमाणपत्र घेतील. पुढे?

मंगळवारी आम्ही दोघं टॅक्सी करून बाहेर जाऊन आलो. तो सगळा वेळ खिडकीतून बघत होता. ठीक झालं.

वहिनी

२५ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी,

बाहेर गेलात! एवढी मोठी बातमी आणि ती पत्राच्या शेपटीला! मी ते वाक्य बाईंना वाचून दाखवलं. अशा माणसाला टॅक्सीत घालून फिरवून आणणं आमच्या शिकाऊ मुलींनाही जमत नाही. मी सातवा आठवडा पूर्ण बदलला. आता त्याचं नाव आहे ‘चला बाहेर’, आणि सुरुवातीला ‘एका गृहिणीचा अनुभव’ म्हणून तुमचा मंगळवार टाकलाय. नाव-गाव काही नाही. ‘गृहिणी’ म्हटलंय त्याचा राग मानू नकोस, लोकांना जवळचं वाटतं.

किती दिवस, हे असं लिहिता येत नाही. मुदत लिहिली की माणसं घाबरतात. उलट बाईंच्या सूचनेवरून उद्देश जरा पक्का केला : ‘आपल्या माणसाला कायम घरीच सांभाळू शकाल.’ ‘कायम’ने वाक्याला वजन आलं.

यार्डाचं इतकं मनाला लावून घेऊ नकोस. रजा वाढवून माग. नोकऱ्या काय, येतात-जातात. आपल्या घरात माणूस कधी परक्यांच्या हातात दिलेलं नाही, आणि तू असताना ती वेळ येणारही नाही.

एक काम करशील? सुरुवातीच्या व्हिडिओसाठी दोन शब्द बोलून पाठव. दादा शेजारी दिसला पाहिजे. शिव्या आम्ही कापून टाकू.

नणंद

९ मार्च

वहिनी,

व्हिडिओ नाही, पत्र नाही. शेवटी फोन केला, तुझा नियम मोडून. सकाळी उचलला नाही, दुपारी उचलला नाही. घाबरले. टेलरकाकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो, ते तर सकाळच्या गाडीने जातात की. बाई कामावर. संध्याकाळी येतात दोघं. तुम्हाला माहीत नाही?”

कसली गाडी? कुठे जातो तो? मला शेजाऱ्याकडून कळतंय?

लगेच लिही.

१० मार्च

मेट्रनबाई,

लिहिते. यार्डातल्या कँटीनमधून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत.

दिवसाचं केंद्र आहे, अशा रुग्णांना दिवसभर सांभाळणारं. सकाळी गाडी येते, संध्याकाळी घरी सोडते. मंगळवारी आम्ही फिरायला गेलो नव्हतो, ते बघायला गेलो होतो. तुला चुकीचं कळलं हे मला तुझं पत्र वाचताच कळलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. तू इतकी खूश होतीस, आणि मला चाचणीपर्यंत भांडण नको होतं. एवढंच कारण. उदात्त काही नाही.

पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा त्याने डाव्या हाताने दाराची चौकट धरली. गाडीवाला भला माणूस आहे. म्हणाला, “राहू द्या ताई, उद्यापासून बघू.” उद्याही चौकट तिथेच असणार होती. मी खाली वाकले. अंगठ्याकडून सुरुवात केली. मनगट किंचित आत वळवलं. पकड सैल झाली. तू लिहिलंयस तसंच सगळं झालं, त्याला काही लागलं नाही. त्याने शिवी दिली नाही. मी वाट बघत होते. नाहीच दिली.

त्यानंतर मी चाचणीला गेले. शिडी चढताना मधेच थांबले. खालून मुकादम ओरडला, “काय बाई, रस्ता विसरलात का?” वर गेले, दार लावलं, आणि हातांना सगळं आठवत होतं. मी पेटी आवाज न करता जागेवर ठेवली. परीक्षकाने सही केली. मी वर बसून रडले असं तुला वाटेल. मला भूक लागली. किती तरी दिवसांनी कडकडून भूक लागली.

आता तुझं काम. तो अनुभव काढून टाक, तो खोटा आहे. ‘कायम’ काढ. ‘परक्यांच्या हातात देत नाही’ हे तू कोणाच्या जिवावर लिहिलंस, तेही जरा बघ. तुझ्या घरापासून माझ्या घरापर्यंत एक पूर्ण दिवस लागतो. दुरून सगळ्यांचंच घर छान चालतं.

मला अभ्यासक्रमाच्या पानावर एक जागा रिकामी दिसते. सगळे लिहितात, हा अभ्यासक्रम कोणासाठी आहे. दुसरं कोणी लिहीत नाही. ते मी लिहून पाठवते, वापर किंवा फाड :

‘हा अभ्यासक्रम कोणासाठी नाही. घरात एकच माणूस असेल, तर त्याला हा पुरणार नाही. हे शिकून तुम्ही काम चांगलं कराल. ते एकट्याने कायम करता येईल, असं नाही. रुग्ण तुमच्यावर चिडेल, तुम्ही त्याच्यावर चिडाल. दोन्हींसाठी इथे धडा नाही. मदतीला माणूस किंवा दिवसाचं केंद्र मिळतं का ते आधी शोधा. शोधताना लाज वाटली तरी शोधा. मग नाव नोंदवा.’

भोंगा झाला. वर जाते.

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं त्या रात्री मी तुला तीन पानं लिहिली आणि टाकून दिली. त्यातलं काहीही तुला वाचावं लागू नये.

मग न सांगता तिकडे येऊन गेले. घरी नाही. केंद्रात.

मी त्यांना सांगितलं की बहीण आहे. नर्स आहे हे सांगितलं नाही. दिवसभर तिथे बसले आणि घाण शोधली. चादरीची कड उचलून पाहिली. त्याची नखं पाहिली. संडासात गेले, कोपरे पाहिले. बोट दाबून कमरेची कातडी पाहिली. मला घाण सापडायला हवी होती. सापडली नाही.

तो सुखी नव्हता, हेही लिहिते. सगळे गोल बसून एकमेकांकडे चेंडू टाकत होते. त्याने चेंडू मांडीवर ठेवून घेतला आणि पुढे दिलाच नाही. शिकवणारी पोरगी हसत होती, तो तिच्याकडे बघत नव्हता. मला पाहिलं तेव्हा दचकला. मला वाटलं रडेल, हात धरेल, घरी ने म्हणेल. त्याने मला नीट न्याहाळलं आणि डाव्या हाताने शेजारची खुर्ची पुढे ओढली. पाहुण्याला देतात तशी. मी बसले. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसून होतो.

घरी तुझ्याजवळ असताना तो सुखी होता का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते.

माझा राग गेलेला नाही. पण तो आता कोणावर आहे ते नीट सांगता येत नाही, त्यामुळे तुझ्यावर काढणं बरोबर होणार नाही. चौकटीचं मात्र डोक्यातून जात नाही. वाक्यं माझी, हात तुझे. मी ते वाक्य किती वर्षं वर्गात फळ्यावर लिहिते आहे.

मसुद्याचं अजून ठरलेलं नाही.

नणंद

५ एप्रिल

प्रिय वहिनी,

ठरलं. सांगते.

‘कायम’ काढलं. ‘घरीच’ काढलं. तुमचा मंगळवार काढला. तुझा परिच्छेद जसाच्या तसा पहिल्या पानावर ठेवला. बाई म्हणाल्या, “दुकान उघडायचं आणि दारावर ‘आत येऊ नका’ अशी पाटी लावायची? कोण येईल?” मी म्हटलं, कमी येतील. म्हणाल्या, “मग उत्तर तुम्हीच द्यायचं.” खरंच कमी आले. वरून विचारणा झाली, मी उत्तर दिलं. पुढच्या वेळी हा अभ्यासक्रम माझ्याकडे राहील की नाही, माहीत नाही.

काल पहिला वर्ग झाला. सगळ्यांनी आपापले कॅमेरे बंद ठेवले होते. पडद्यावर नुसते काळे चौकोन आणि मधे मी. वॉर्डात शिकवताना समोरच्याचे डोळे बघून कळतं, किती पोचलं ते. इथे काही कळेना. मी भराभर बोलत सुटले. पाणी प्यायले, परत बोलले. मग एका चौकोनातून पुरुषाचा आवाज आला, “मॅडम, एक विचारू का? तुमच्या घरी असं कोणी आहे?”

“आहे. भाऊ.”

“तुम्ही सांभाळता?”

बाई वर्ग बघत होत्या, मला माहीत होतं. सराईत उत्तर जिभेवर होतं. आम्ही सगळे मिळून, असं काहीतरी.

“नाही,” मी म्हटलं. “माझी वहिनी सांभाळते. आणि दिवसा तीही नाही. ती कामावर जाते, तो केंद्रात जातो.”

मला वाटलं, आता एकेक जण बाहेर पडणार. पडला एक. मग त्याच माणसाने, विचारणाऱ्याने, कॅमेरा सुरू केला. दाढी वाढलेली, अंगावर गंजी, मागे पलंगाचा पाय. मग आणखी एक चौकोन उजळला, मग आणखी एक. कुठे बादली, कुठे वाळत घातलेल्या चादरी, कुठे पांघरुणाबाहेर आलेलं एक पाऊल. काही चौकोन शेवटपर्यंत काळेच राहिले. मला कुठे बघावं ते कळेना. इतकी घरं मी एका वेळी कधी पाहिली नव्हती.

मी रविवारी येते आहे. दादाला आधीच सांगून ठेव, म्हणजे त्याला तोंड फिरवायचं असेल तर तयारी करता येईल. या वेळी तुझ्या घरी उतरेन, चालेल ना?

वर्गातलं एक सांगायचं राहिलं. एका बाईने फोन हातात उचलला आणि पलंगाकडे वळवला. चित्र हललं, छत दिसलं, मग उशीवर एक म्हातारा चेहरा, डोळे उघडे. “हे माझे सासरे,” ती मागून म्हणाली. “सकाळपासून असेच घसरलेत. आता सांगा मॅडम, पहिला हात कुठे घालू?”

मी सांगायला लागले.

तुझी नणंद